शंभरांमागे दोन

कमी उत्पन्नाच्या घरांतल्या शंभर जणांना व्यवसाय प्रशिक्षण दिलं, तर त्या प्रशिक्षणामुळे किती जणांना नोकरी लागते? जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतले अशा कार्यक्रमांचे प्रयोग एकत्र करून २०१७ साली उत्तर काढलं: सरासरी दोनच्या आसपास.

प्रशिक्षण संस्थांच्या अहवालांत आकडा कितीतरी मोठा दिसतो, आणि त्या खोटं बोलत असतात असंही नाही. गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. कोर्स केलेल्यांपैकी अनेकांना तो न करताही कुठे ना कुठे काम मिळालंच असतं. म्हणून संशोधक अर्जदारांच्या चिठ्ठ्या टाकतात. काहींना प्रवेश मिळतो, काहींना नाही. वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही गटांना गाठायचं आणि त्यांच्या नोकरीत आणि कमाईत जो फरक असेल, तेवढाच प्रशिक्षणाच्या खात्यावर टाकायचा.

पण दोन हा आकडा सरासरीचा, आणि सरासरीखाली बरंच काही झाकलं जातं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात १९९० साली कपड्यांचा एक मोठा कारखाना बंद पडला आणि हजारावर कामगार एकदम घरी बसले. शहरात नवं काम निघत होतं, पण ते रुग्णालयांसारख्या ठिकाणी, आणि त्यासाठी लागणारं शिक्षण या लोकांकडे नव्हतं. त्यातून ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ हा उपक्रम उभा राहिला. माणसं कुठे कमी पडताहेत हे आधी मालकांना विचारायचं, मग नेमकं त्याच कामाचं शिक्षण द्यायचं. सोबत फी, पुस्तकं, प्रवास, मुलं सांभाळण्याचा खर्च यांत मदत आणि समुपदेशकाबरोबर नियमित बैठका. पुढे चिठ्ठ्या टाकून त्याची चाचणी झाली. सहाव्या वर्षी क्वेस्टमधले लोक दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सुमारे ५,००० डॉलर जास्त कमावत होते.

पहिल्या वर्षी मात्र ते मागे होते, कारण ते शिकत होते.

माझ्या मते सगळ्या विषयाची मेख या पहिल्या वर्षात आहे. कोर्स आखणाऱ्याला फी दिसते, ती माफ केली की त्याला वाटतं अडसर गेला. घराला दिसतो तो बुडालेला रोज. ज्या घरात आजची कमाई आजच खर्ची पडते, तिथे फुकटचा कोर्ससुद्धा महाग असतो. मग मुलगा तिसऱ्या महिन्यात येईनासा होतो आणि हजेरीपटावर शेरा पडतो, ‘आवड नाही’.

पैशाची चणचण शिकण्या-करण्याच्या क्षमतेवरही परिणाम करते का? अर्थतज्ज्ञ सुप्रीत कौर, सेंथिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात हंगामाबाहेरच्या, हातात काम नसलेल्या दिवसांत हे तपासलं. मजूर नगावर पत्रावळी लावत होते. नगामागे मजुरी सगळ्यांना सारखीच ठरलेली, फक्त काहींना तिचा काही भाग आधी हातात दिला. पैसे मिळाल्यावर त्यांचं उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. त्याहून बोलकी गोष्ट पत्रावळींवरच सापडली. कुठे गरजेपेक्षा जास्त पानं लावलीत, कुठे एकाच जागी दोनदा भोक पडलंय, अशा चुका संशोधकांनी एकेक करून मोजल्या, आणि पैसे मिळालेल्यांच्या हातून त्या कमी होत होत्या. डोक्यातली उधारी थोडी हलकी झाली आणि लक्ष हातातल्या पानावर आलं. (टंचाईचा मनावर होणारा परिणाम दाखवणारे जुने काही प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत, हेही सांगायला हवं. हा प्रयोग खऱ्या कामावर, खऱ्या मजुरीवर झालेला असल्याने मला तो जास्त वजनाचा वाटतो.)

काही वेळा कौशल्य असतंच, पण ते समोरच्याला दिसत नाही. श्रीमंत घरातल्या मुलाच्या वतीने ओळखीचं कोणी तरी शब्द टाकतं. गरीब घरातल्या मुलीसाठी कोण टाकणार? दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमध्ये संशोधकांनी नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या चाचण्या घेतल्या आणि मालकाला दाखवता येईल असं निकालपत्र त्यांना दिलं. नवं काही शिकवलं नाही. तरीही त्यांच्यात नोकरीला लागलेल्यांचं प्रमाण १७ टक्क्यांनी आणि सरासरी कमाई ३४ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्यांना निकाल फक्त स्वतःपुरता कळवला होता, त्यांना एवढा लाभ झाला नाही.

बहुतेक योजना एका उमेदवाराचा विचार करतात, घराचा नाही. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात २००९ साली सुरू झालेल्या ‘करिअर ॲडव्हान्स’ या कार्यक्रमाने घराचा विचार करून पाहिला. मूल बालवाडीत आणि त्याच काळात आई आरोग्यसेवेच्या वर्गात, अशी ती मांडणी. वर्गाआधी आणि वर्गानंतर मूल कोण बघणार, हा प्रश्न तिथे कोर्सचाच भाग मानला गेला.

एक प्रश्न मात्र या सगळ्यावर टांगलेला राहतो. एकाला नोकरी लागली म्हणजे दुसऱ्याची गेली, असं तर होत नाही ना? फ्रान्समध्ये अर्थतज्ज्ञ ब्रुनो क्रेपों, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या योजनेवर मोठा प्रयोग केला. त्याचा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. मदत मिळालेल्यांना फायदा झाला, पण त्याच भागात मदत न मिळालेल्यांच्या संधी घटल्या, आणि जिथे मुळात नोकऱ्या कमी होत्या तिथे हे जास्त घडलं. ही पाहणी नोकरी शोधून देण्याबद्दलची होती, नवं कौशल्य शिकवण्याबद्दलची नाही. जिथे जागा रिकाम्या आहेत आणि माणूस मिळत नाही, तिथे शिकून आलेली व्यक्ती कुणाची जागा घेत नाही. जागाच मोजक्या असल्या, तर प्रशिक्षणाने रांग लहान होत नाही, रांगेतला क्रम तेवढा बदलतो.