रीपेंट आणि रीपॅक अ‍ॅक्शन फिगर

विज्ञानकथांतील यंत्रमानव, अंतराळसैनिक, परग्रहवासी अशा पात्रांची सांधे हलणारी प्लॅस्टिकची खेळणी जुन्याच साच्यातून वेगळ्या रंगात काढली, तर त्यांना रीपेंट म्हणतात. तीच खेळणी काही न बदलता नव्या खोक्यात किंवा कार्डावर विकली, तर ती रीपॅक. पोलादी साचा घडवणे हा या धंद्यातला मोठा खर्च. तो एकदा झाला की त्यातून निघतील तितकी पात्रे काढायची, हा कारखान्याचा हिशेब. संग्राहकाचे काम याच्या उलट टोकाला सुरू होते : साचा ओळखीचा आहे, मग या नगात काय बदलले आणि केव्हा?

साच्यात नवे डोके किंवा नवे पंख घातले असतील, तर तो नग रीटूल होतो. ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे वाहनाचे यंत्रमानवात रूपांतर होणारी खेळणी. त्यांच्या १९८४ च्या मालिकेतली स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तिन्ही विमाने एकाच साच्याची, फरक रंगाचा. पुढच्या वर्षी आलेल्या रॅमजेट, डर्ज आणि थ्रस्ट यांचे पंख मात्र बदललेले आहेत. विक्रेते दोन्हींना सरसकट रीपेंट म्हणतात. खरेदी करताना हा घोळ महागात पडतो.

मुळात ट्रान्सफॉर्मर्स ही मालिकाच उसन्या साच्यांवर उभी राहिली. जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन (१९८०) आणि मायक्रोमॅन (१९७४) या मालिकांमधले नग अमेरिकेच्या हासब्रोने नवी नावे देऊन विकले. त्याआधी १९७६ मध्ये मेगो कंपनीने मायक्रोमॅनचेच मायक्रोनॉट्स केले होते. केनर कंपनीने १९८५ च्या सुमारास स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची आकृत्या अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्यासह नव्या कार्डावर आणल्या. त्यातल्या कित्येक आकृत्या जुन्याच होत्या. तिथे किंमत कार्डाला आणि नाण्याला आहे, आकृतीला नाही.

भारतीय संग्राहकांना यात एक घरचा कोपरा आहे. एमआरएफ आणि हासब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये निघालेल्या फनस्कूलने जी.आय. जो मालिका इथे तयार केली. ही मालिका नावाला लष्करी, पण तिच्यात लेझर बंदुका आणि पोलादी मुखवट्याचे खलनायक असल्याने विज्ञानकथावाल्यांनी ती केव्हाच आपल्यात घेतली आहे. मूळ आकृतीत नसलेल्या चमत्कारिक रंगजोड्या फनस्कूलच्या नगांत सापडतात आणि त्यासाठी परदेशातले संग्राहकही ते शोधतात. पुण्यातल्या घरांच्या माळ्यांवर हे नग अजून निघतात.

ओळख पटवताना सर्वांत मोठी चूक होते ती अंगावरच्या सालामुळे. पायाखाली, पाठीवर किंवा मांडीच्या मागे कोरलेले वर्ष हे स्वामित्वहक्काचे, म्हणजे साच्याच्या काळाचे असते. नग कधी बनला ते त्यावरून कळत नाही. १९८२ चा साचा पंधरा वर्षांनी पुन्हा चालवला, तरी अंगावर १९८२ च उमटते. अलीकडच्या हासब्रो नगांवर आणि खोक्यांवर बहुधा पाच आकडी शिक्का असतो. त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ३१८८१ म्हणजे १८८ वा दिवस, ७ जुलै. साल २०१३ की २०२३, ते खोक्यावरून ठरवायचे.

जुन्या ट्रान्सफॉर्मर्सच्या पुनर्निर्मितीत सुरक्षेच्या नियमांमुळे काही भागांची लांबी बदलली आहे. २००२ च्या अमेरिकी ऑप्टिमस प्राइम या ट्रक होणाऱ्या यंत्रमानवाची धुराडी मूळ नगापेक्षा आखूड आहेत. बोटाच्या उबेने चिन्ह उमटणारा चौकोनी बिल्ला १९८५ पासूनचा. '१९८४ चा पहिला माल' म्हणून विकायला आलेल्या नगावर तो असेल, तर दावा तिथेच संपतो.

भारतात अधिकृतपणे आलेल्या मालावर आयातदार, कमाल किंमत आणि महिना-वर्ष सांगणारी चिकटपट्टी असते. खोके 'स्वच्छ' दिसावे म्हणून ती सोलणे हा शुद्ध वेडेपणा. रीपॅक इथे केव्हा आले याचा तोच पुरावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, त्यामुळे चिन्ह असलेले खोके बहुतेक त्यानंतरचे. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. जुने, सुटे नग शोधण्याकडे ओढा वाढायला हेही एक कारण आहे.

असे सुटे नग पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळू शकतात. तिथे नग हातात घेऊन आधी सांधे हलवावेत, मग अंगठे पाहावेत (बंदूक दामटून बसवल्याने ते तुटतात), शेवटी पाठीचा स्क्रू पाहावा. डोके झिजलेला स्क्रू म्हणजे नग आधी उघडला गेला आहे. आतले पाय दुसऱ्याच आकृतीचे असू शकतात. हाताने रंगवलेला नग 'दुर्मिळ रीपेंट' म्हणून खपवला जातो. तो सांध्यात ओळखू येतो : कारखान्यात भाग जोडण्याआधी रंगतात, म्हणून सांध्याच्या आतही रंग नीट असतो, घरी रंगवलेल्यात तो कडेला साचतो आणि सांधा फिरवताच खरवडतो.

जी.आय. जोच्या कमरेत रबरी ओ-रिंग असते. ती वाळून तुटली की आकृतीचे दोन तुकडे होतात. भाव पडतो, पण दुरुस्ती सोपी आहे. पाठीचा स्क्रू काढून मागचे कवच उचलावे, पायांना धरणाऱ्या धातूच्या आकड्यातली जुनी रिंग काढावी आणि शाबूत आकृतीतली रिंग मोजून तशीच नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणावी. रिंग जाड बसली तर ताणाने दोन पायांमधला नाजूक भाग तुटतो, सैल बसली तर आकृती उभी राहत नाही. स्क्रू हाताला अडला की थांबावे. पुढचा अर्धा आटा प्लॅस्टिकला तडा देतो.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ दात-ब्रश पुरे. स्टिकर, चंदेरी मुलामा आणि स्प्रिंग असलेले भाग पाण्यात बुडवू नयेत. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन एबीएस हे खेळण्यांचे कडक प्लॅस्टिक विरघळवते. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोलही रंग उचलू शकते, त्यामुळे आधी तळपायावर करून पाहावे. पिवळे पडलेले पांढरे एबीएस हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उजळते, पण पिवळेपणा परत येऊ शकतो आणि रंगवलेल्या भागाचे नुकसान होते. सोनेरी चमकी मिसळलेल्या प्लॅस्टिकला मात्र उपाय नाही : ते आतून ठिसूळ होते आणि नुसत्या वळवण्याने चुरा होतो. म्हणून सोनेरी रीपेंट घेतल्यावर त्याचे रूपांतर करून पाहण्याचा मोह टाळावा.

पुण्यात खरी कसोटी जून ते सप्टेंबर. दमट हवेत कार्ड वाकते, आकृतीवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा कार्डापासून सुटतो, स्टिकरच्या कडा उठतात आणि कसर लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे. रंग बदलणारे असेल तर ते केव्हा सुकवायचे ते कळते. मऊ पीव्हीसीचे भाग एकमेकांना किंवा कडक प्लॅस्टिकला टेकवून ठेवले, तर त्यातले मऊ करणारे द्रव्य बाहेर येऊन दोन्ही चिकट होतात. मधे साधा पांढरा कागद घालावा. कपड्यांच्या कपाटातली सवय म्हणून डांबर गोळ्या टाकू नयेत. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते आणि खोक्याच्या पारदर्शक खिडकीवर धुके धरते, जे नंतर पुसले जात नाही.