वजनाच्या ऑपरेशननंतर साखर आधी का उतरते?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात वॉल्टर पोरीज नावाचे सर्जन अतिलठ्ठ रुग्णांवर गॅस्ट्रिक बायपास हे वजन उतरवण्याचं ऑपरेशन करत. मधुमेही रुग्णांची साखर ऑपरेशननंतर काही दिवसांतच नॉर्मलला येते, हे त्यांच्या लक्षात आलं. वजन तर तेव्हा जेमतेम उतरायला लागलेलं असायचं. १९९५ मध्ये त्यांनी आकडे मांडले: अशा १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल राहिली होती.

म्हणजे 'पोट लहान केलं, खाणं घटलं' एवढ्यावर हे कोडं सुटत नाही. स्लीव्ह या वजन उतरवण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ हे हार्मोन भरभरून सोडतात. ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला 'पुरे' असं कळवतं. मधुमेह आणि वजनासाठी सध्या गाजणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं याच हार्मोनची नक्कल करतात. घरीदारी 'तोंडावर ताबा ठेव' असं ऐकत आलेल्या माणसांसाठी हे कळणं फार मोलाचं आहे, कारण त्यांची भूक हा हट्ट नव्हता.

फायदा पुढे टिकतो का? स्वीडनमध्ये २,०१० ऑपरेशन झालेल्या आणि २,०३७ न झालेल्या लठ्ठ व्यक्तींवर सरासरी जवळपास ११ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या गटात १०१ मृत्यू झाले, दुसऱ्यात १२९. बायपास झालेल्यांचं वजन वर्ष-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं, पण दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. थोडं वजन परत येतंच, आणि त्यासाठी रुग्णाला दोष देऊ नये.

आपल्याकडे हा विषय आणखी जवळचा आहे. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचा एकत्र फोटो प्रसिद्ध केला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली चरबी कमी वजनातही त्रास देते. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच ऑपरेशनचा विचार करायला मुभा आहे.

आता धोके. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायातली गुठळी फुफ्फुसात जाणं, हे सगळं होऊ शकतं. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात ३० दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के होते. लोक याच आकड्याला घाबरतात. मला जास्त काळजी वाटते ती नंतरच्या वर्षांची. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होतात. बायपासनंतर गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होतात. दारू पटकन चढते आणि काहींना तिचं व्यसन लागतं. गर्भारपण साधारण वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावं लागतं.

शिवाय लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ आयुष्यभर घ्यावं लागतं. बी-१२ शोषून घ्यायला जठरातला रस लागतो आणि तोच घटलेला असतो. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. वजन उतरलं, कपडे सैल झाले, की गोळ्या बंद होतात. मग दोन-तीन वर्षांनी बी-१२ कमी पडून पायांना मुंग्या येऊ लागतात, तेव्हा कुणाला ऑपरेशन आठवतही नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत उलट्या थांबेनात, तर थायमिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांत संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली, तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. तेव्हा डिस्चार्ज कार्ड दाखवा, ऑपरेशन झाल्याचं सांगा आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायला सांगा.