चुका (परसबागेतील लागवड)

चुका किंवा आंबट चुका (रुमेक्स व्हेसिकॅरियस) ही पॉलिगोनेसी कुलातील वर्षायू पालेभाजी. पाने मांसल, फिकट हिरवी, साधारण त्रिकोणी असतात. ऑक्झॅलिक आम्लामुळे ती आंबट लागतात. युरोपातील बागांत लावतात तो बहुवर्षायू चुका (रुमेक्स ॲसिटोसा) तिचाच भाऊबंद. विदर्भात आंबट भाजी म्हटली की आधी अंबाडी आठवते, पण ती जास्वंदीच्या कुलातील आणि माणसाच्या उंचीची होणारी. गच्चीवरच्या कुंडीसाठी वीतभर वाढणारा चुकाच बरा.

नागपुरात चुक्याचा खरा हंगाम थंडीचा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत थोड्याथोड्या अंतराने बी टाकत राहिले, तर भाजी सलग मिळते. इथली काळी कपाशीची माती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळते. नुसती तीच कुंडीत भरली तर पाणी तुंबून मुळे कुजतात. म्हणून कुजलेले शेणखत निम्म्या प्रमाणात आणि थोडी वाळू मिसळावी. बी पातळ पापुद्र्यात असते. ते हाताने चोळून मोकळे करावे आणि मातीत जेमतेम झाकेल इतकेच पेरावे. खोल गेले तर उगवण विरळ होते. दाटी झाली की कोवळी रोपे उपटून भाजीतच घालावीत.

साधारण सहा आठवड्यांत पाने खुडण्याजोगी होतात. बाहेरची पाने घेऊन मधला कोंब राखला, तर पुन्हा फुटवा येतो. पाने मागून तपासावीत, मावा तिथेच दडतो. फेब्रुवारीअखेर ऊन चढले की झाड तुऱ्यावर येते आणि पाने निबर होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात हिरव्या जाळीखाली चुका जगवण्याचा खटाटोप फारसा फळत नाही. त्यापेक्षा दोन-तीन झाडे बियांसाठी सोडावीत. त्यांची गुलाबी, जाळीदार पंखांची फळे दिसतातही देखणी.

हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी घातलेली चुक्याची पातळ भाजी भाकरीबरोबर खातात. शिजताना आम्लामुळे पानांचा हिरवा रंग मातकट होतो, तो बिघाड नव्हे. भाजी स्टीलच्या भांड्यात करावी. तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ती कळकते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र ऑक्झॅलेटमुळे ती बेतानेच खावी.