तीन फुटी आयर्लंड : एका छोट्या लेआऊटची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या नॅरोगेज रुळांमधलं अंतर ३ फूट. १ फुटाला ४ मिलिमीटर हे ब्रिटन-आयर्लंडमधल्या मॉडेल रेल्वेवाल्यांचं रोजच्या सवयीचं प्रमाण. त्यात हे ३ फूट बरोबर १२ मिलिमीटर भरतात, आणि १२ मिलिमीटरचे रूळ नि इंजिनांचे सांगाडे तयार मिळतात. आयर्लंडच्या ब्रॉडगेजचं मात्र असं सरळ जमत नाही. ते ५ फूट ३ इंचांचं, म्हणजे त्याच प्रमाणात २१ मिलिमीटर. तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे. मग एकतर रूळ हातानं टाकायचे, नाहीतर गाड्या अरुंद रुळांवर उभ्या करून डोळेझाक करायची. मोठी गाडी करायला जावं तर तडजोड, आणि छोटी गाडी मात्र तंतोतंत! पाच फुटांच्या फळीवर मी आयरिश नॅरोगेजचा लेआऊट, म्हणजे रूळ, गाड्या नि आजूबाजूचा देखावा असलेलं मॉडेल, मांडायला घेतला तो याच हिशेबानं. पण रूळ टाकायला बसलो तसे प्रश्न पडत गेले. इंजिनाच्या चाकांवर पत्र्याचे पडदे कशाला? रूळ रस्त्याच्या कडेकडेनं का जातात? स्टेशनापेक्षा गुरांचा कोंडवाडा मोठा कसा? यांची उत्तरं शोधत गेलं की मॉडेलच्या पुस्तकांतून थेट आयर्लंडच्या इतिहासात जावं लागतं.

सुरुवात ब्रॉडगेजच्या गोंधळातून होते. आयर्लंडची पहिली रेल्वे, डब्लिन ते किंग्सटाउन, १८३४ साली इंग्लंडसारख्याच ४ फूट ८.५ इंचांवर धावली. उत्तरेत अल्स्टर रेल्वेनं ६ फूट २ इंच घेतले, तर डब्लिन-द्रोगेडा कंपनीनं ५ फूट २ इंच. तिघांचं भांडण सरकारी अधिकारी मेजर जनरल पास्ली यांच्यापुढे गेलं. त्यांनी वेगवेगळी मतं घेऊन मधला आकडा काढला, ५ फूट ३ इंच, आणि १८४६ च्या कायद्यानं तोच पक्का झाला. पण या रुंदीची रेल्वे पश्चिम किनाऱ्यापर्यंत नेणं कुणालाच परवडणारं नव्हतं. डोनेगल, क्लेअर, केरी, लेट्रिम हा सगळा डोंगर, दलदल आणि दगडी बांधांचा मुलूख. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळानं आणि त्यामागोमाग लागलेल्या स्थलांतरानं तो आणखीच ओस पडलेला. प्रवासी थोडे, माल त्याहून थोडा.

तीन फुटी रूळ आधी आले ते खनिजासाठी. अँट्रिममधल्या ग्लेन्सच्या टेकड्यांतलं लोखंडाचं खनिज उतरवायला १८७० च्या दशकात हे मार्ग टाकले गेले, आणि बॅलिमिना-कुशेंडल-रेड बे रेल्वे १८७५ पासून धावू लागली. समुद्रापलीकडे आइल ऑफ मॅन बेटावर १८७३ साली तीन फुटी प्रवासी रेल्वे सुरू झालीच होती. हा अरुंद रूळ स्वस्त पडतो, वळणं घट्ट घेता येतात आणि चढही तीव्र चालतात, हे दिसून आलं.

पैशाचा प्रश्न सोडवला १८८३ च्या आयर्लंड ट्रामवे कायद्यानं. भागधारकांना ठरावीक लाभांश मिळेल याची हमी त्या त्या भागातल्या करदात्यांनी द्यायची. रेल्वे तोट्यात गेली तर भरपाई त्यांच्या घरपट्टी-जमीनपट्टीतून, आणि त्यातला २ टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारी तिजोरीतून. आपल्याकडे हा प्रकार ओळखीचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेला ईस्ट इंडिया कंपनीनं ५ टक्क्यांची हमी दिली होती आणि तिचा भार भारतीय महसुलावर पडला होता. केरीत आणि लेट्रिममध्ये तो भार शेजारच्या शेतकऱ्यावर पडला. गाडी रिकामी धावली तरी पट्टी भरायची. या रेल्वेंविषयी आज जो जिव्हाळा दिसतो, त्याच्या मागं ही पिढ्यान्‌पिढ्या भरलेली पट्टी आहे, हे विसरता येत नाही.

पैसे वाचवायचे म्हणून रूळ सार्वजनिक रस्त्याच्या कडेनं टाकले. वेगळी जमीन घ्यायला नको, भराव-कटाई कमी. पण ट्रामवेचा कायदा लागला की ट्रामचे नियमही आले. घोडे बिथरू नयेत, माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून इंजिनाच्या चाकांना पत्र्याचे पडदे, पुढं गुरं बाजूला सारणारी जाळी, घंटा, आणि वेगावर बंधन. टायरोन-फर्मनामधली क्लॉहर व्हॅली रेल्वे (१८८७ ते १९४१) तर फाइव्हमाइलटाउनच्या मुख्य रस्त्यावरून, दुकानांच्या दारांसमोरून जात असे. लेआऊटसाठी ही मोठी देणगी आहे. दोन फूट जागेत एक रस्ता, एक दगडी बांध, चार घरं आणि कडेनं सरकणारी गाडी एवढं मावतं, आणि त्यात खोटं काही नाही.

१८८९ साली दुसरा टप्पा आला. आयर्लंडचे मुख्य सचिव आर्थर बाल्फर यांनी हलक्या रेल्वेचा कायदा करून गरीब पश्चिम पट्ट्यासाठी थेट सरकारी मदत आणली. आयरिश स्वराज्याच्या मागणीचा हा काळ. रेल्वे, बंदरं, मासेमारीला मदत देऊन असंतोष शमवावा असाही त्यामागं हेतू होता. किलीबेग्जच्या मासळी बंदराला १८९३ मध्ये रूळ पोचले, ग्लेन्टीजला १८९५ मध्ये. पुढं १८९६ च्या कायद्यातून लेटरकेनी ते बर्टनपोर्ट हा जवळजवळ ५० मैलांचा मार्ग झाला आणि १९०३ मध्ये उघडला. त्याच मार्गावर ओवेनकॅरोच्या उंच पुलावर ३० जानेवारी १९२५ च्या रात्री वादळी वाऱ्यानं डबे रुळांवरून उचलले आणि चार माणसं गेली. त्या पुलाच्या दगडी खांबांचे अवशेष अजून उभे आहेत. त्या मुलखाचं मॉडेल करणाऱ्यानं झाडं कमी लावावीत, आणि लावलीच तर एका बाजूला झुकलेली. वारा तिथं कायमचा असतो.

माझं मन रमलं ते ट्रली-डिंगल मार्गात. केरीच्या पश्चिम टोकाकडचा हा सुमारे ३१ मैलांचा मार्ग ३१ मार्च १८९१ रोजी उघडला. डोंगर ओलांडताना चढ १:३० च्या आसपास. आपल्या बोरघाटातला जुना चढ १:३७ चा, यावरून कल्पना यावी. २२ मे १८९३ रोजी डिंगलच्या बाजारातून डुकरं घेऊन निघालेली गाडी कॅम्पच्या उतारावर आवरली नाही आणि कमानी पुलाजवळच्या वळणावर दरीत गेली. तीन रेल्वे कर्मचारी ठार झाले. १९०७ मध्ये तो पूल आणि ते वळण टाळून नवा मार्ग काढला. प्रवासी गाड्या १९३९ मध्ये थांबल्या. १९४७ नंतर उरली ती महिन्यातून एकदा धावणारी गुरांची गाडी, डिंगलच्या बाजारासाठी. आदल्या दिवशी रिकाम्या वाघिणी न्यायच्या, दुसऱ्या दिवशी दोन इंजिनं जोडून भरलेल्या आणायच्या. महिनाभर रुळांत गवत वाढलेलं, त्यातून चाकं घसरत चढ चढायचा. १९५३ च्या उन्हाळ्यात तेही संपलं.

मॉडेलच्या दृष्टीनं या गाडीसारखं दुसरं काही नाही. वेळापत्रक महिन्यातून दोन दिवसांचं. फलाटावर प्रवासी नाहीत, पण गुरांच्या कोंडवाड्यात गर्दी. खडी दिसतच नाही, सगळं गवत. आणि बांधांवर लाल फुलांचं फ्यूशियाचं कुंपण! दक्षिण अमेरिकेतून बागेसाठी आणलेलं हे झुडूप केरीत आणि पश्चिम कॉर्कमध्ये रानोमाळ पसरलं आहे. हिरव्या स्पंजाचे तुकडे बारीक करून त्यावर लाल पूड शिंपडली की केरी लगेच ओळखू येतं.

डोनेगलची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. तिथं १९१० पासून व्यवस्थापक असलेल्या हेन्री फोर्ब्स यांनी वाफेच्या गाड्या परवडत नाहीत हे लवकर ओळखलं आणि पेट्रोलवर धावणाऱ्या रेलकार, म्हणजे स्वतःचंच इंजिन असलेले डबे, आणल्या. १९३१ मध्ये स्ट्रॅबेन-डोनेगल भागात ब्रिटिश बेटांतली पहिली डिझेल रेलकार प्रवासी घेऊन धावू लागली. मोठमोठ्या कंपन्यांच्या आधी, एका गरीब तीन फुटी रेल्वेवर. पुढं विगनच्या वॉकर ब्रदर्सनी पुढच्या चाकगाड्यावर इंजिन नि केबिन असलेल्या जोडरेलकार केल्या. रस्त्यावर हात केला की त्या थांबत. मागं एखादी वाघीण जोडून घेत. यांतल्या बहुतेक एकतोंडी असल्यामुळे शेवटच्या स्टेशनावर टर्नटेबल लागे. लेआऊटमध्ये तेवढं एक वर्तुळ बसवलं तरी खेळायला पुष्कळ होतं, कारण प्रत्येक खेपेनंतर रेलकार वळवावी लागते.

आणि या रेल्वेवर सीमा होती. १९२३ पासून ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड आणि नवं स्वतंत्र आयरिश राज्य, म्हणजे फ्री स्टेट, यांच्यात जकात चौक्या बसल्या. डोनेगलची गाडी स्ट्रॅबेनला जाताना-येताना सीमा ओलांडे, आणि डब्यात सामानाची झडती होई. सीमेपलीकडे पाय असल्यामुळेच १९२५ च्या एकत्रीकरणात डोनेगल आणि लॉक स्विली या दोन रेल्वे बाहेर राहिल्या. फ्री स्टेटच्या आतल्या इतर सगळ्या मार्गांचं मिळून ग्रेट सदर्न रेल्वेज झालं.

त्या एकत्रीकरणातून मॉडेलवाल्यांना एक खजिना मिळाला. नव्या कंपनीनं नॅरोगेज इंजिनांच्या नंबराच्या शेवटी मूळ मार्गाचं अक्षर लावलं. ट्रली-डिंगलचं ‘टी’, वेस्ट क्लेअरचं ‘सी’, कॅव्हन-लेट्रिमचं ‘एल’. एक मार्ग बंद झाला की तिथली इंजिनं दुसरीकडे जात. १९३२ मध्ये कॉर्क-पॅसेज मार्ग बंद पडल्यावर त्याची चार इंजिनं कॅव्हन-लेट्रिमला गेली. नंतर डिंगलचीही काही तिकडे पोचली, कारण तिथं अरिग्नाच्या खाणीतला कोळसा होता आणि त्या जोरावर तो मार्ग १९५९ पर्यंत तगला. बालिनामोर स्टेशनच्या १९५० च्या दशकातल्या फोटोंत एकाच यार्डात तीन वेगवेगळ्या मुलखांतली इंजिनं उभी दिसतात. लेआऊटवर बेमेळ गाड्या उभ्या केल्या म्हणून नाक मुरडणाऱ्याला हे फोटो दाखवावेत.

डोनेगलच्या गाड्या १९५९ च्या शेवटच्या दिवशी थांबल्या. वेस्ट क्लेअर, डिझेलवर येऊनही, ३१ जानेवारी १९६१ रोजी. आयर्लंडच्या तीन फुटी प्रवासी रेल्वेचा तो शेवट.

मॉडेलांचा इतिहास याच काळाला समांतर चालतो. डब्लिनमध्ये इंचिकोर कारखान्यातले ड्राफ्ट्समन सिरिल फ्राय फावल्या वेळात आयरिश रेल्वेची हातची मॉडेलं करत होते. कामावरच्या नकाशांवरून बनवलेला हा संग्रह आज मालाहाइडमध्ये पाहायला मिळतो. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी मॅडर व्हॅली नावाची पूर्ण काल्पनिक रेल्वे केली, तर एडिंबरोच्या पी. डी. हॅनकॉक यांनी ४ मिलिमीटर प्रमाणात ९ मिलिमीटरच्या रुळांवर काल्पनिक नॅरोगेज उभी केली. खऱ्या मार्गाची नक्कल करण्यापेक्षा ‘असा मार्ग असू शकला असता’ हे पटवून द्यायचं, ही वाट त्यांनी रुळवली. १९५७ मध्ये ट्राय-अँग कंपनीनं टीटी या छोट्या प्रमाणाच्या गाड्या १२ मिलिमीटर रुळांवर आणल्या. त्या मुळात ब्रिटनच्या ४ फूट ८.५ इंची रुळांवरच्या गाड्यांच्याच लहान प्रतिकृती, पण त्यांची चाकं नि मोटर काढून वर आयरिश इंजिनाचा सांगाडा चढवता येऊ लागला. पुढं १२ मिलिमीटरवरच्या युरोपीय मीटरगेज मॉडेलांनी तीच सोय केली. ज्यांना आकार मोठा हवा, ते १ फुटाला ५.५ मिलिमीटर घेतात. त्यात ३ फूट म्हणजे नेमके १६.५ मिलिमीटर, आणि नेहमीचे ओओ रूळ कामाला येतात. ज्यांच्याकडे जागाच नाही, ते ३ मिलिमीटर घेतात आणि एन गेजचे ९ मिलिमीटर रूळ वापरतात. तिन्ही गणितं नेमकी जुळतात, हे या तीन फुटांचं भाग्य.

काल्पनिक स्टेशनला नाव देताना घाई करू नये. आयरिश गावांची नावं आपल्यासारखीच बोलकी असतात. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, आपल्या वाडीसारखी. ‘किल’ म्हणजे चर्च, ‘डन’ म्हणजे गढी, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘ग्लेन’ म्हणजे दरी. माझ्या फळीवर टेकडी आहे, चर्च नाही. म्हणून नाव ‘नॉक’नं सुरू झालं. पाटीवर ते आयरिश आणि इंग्रजी दोन्ही लिपींत लिहायचं आहे, कारण स्वतंत्र आयर्लंडच्या स्टेशनांवर तशाच पाट्या असत.

प्रवासी गाड्या संपल्या, तरी तीन फुटी रूळ संपले नाहीत. १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी संस्थेनं दलदलीतलं पीट, म्हणजे जळणाला चालणारी कुजलेल्या वनस्पतींची माती, काढण्यासाठी मधल्या जिल्ह्यांत याच रुंदीचं मोठं जाळं विणलं. पीट जाळून वीज केली जाई. पोर्टारलिंग्टनचं वीजकेंद्र १९५० मध्ये सुरू झालं. १९४९ मध्ये अँड्र्यू बार्कले कंपनीकडून तीन छोटी इंजिनं आली, कोळशाऐवजी पीट जाळणारी. त्यांतलं एक पुढं वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेनं घेतलं, २ फूट ३ इंचांसाठी नव्यानं बांधलं, आणि १९९१ पासून ‘टॉम रोल्ट’ या नावानं ते तिथं धावतं. आयरिश दलदलीतलं इंजिन वेल्सच्या डोंगरात! पीटची काढणी बोर्डानं २०२१ मध्ये थांबवली.

डिंगलचं ‘५ टी’ हे १८९२ सालचं हन्स्लेट इंजिन १९५९ मध्ये अमेरिकेत व्हर्मॉन्टच्या संग्रहालयात गेलं होतं. १९८६ मध्ये ते आयर्लंडला परत आलं, आणि १९९३ मध्ये ट्रली ते ब्लेनरव्हिल या छोट्या टापूवर पुन्हा वाफेवर चाललं. माझ्या फळीवर दोन इंजिनांची जागा आहे. पहिलं ‘५ टी’च असणार, गुरांच्या रिकाम्या वाघिणींपुढं, गवतातून वाट काढत.