एक नुसती तार, एक छोटा माग: हेडफोनच्या दोन कन्व्हर्टरांची गोष्ट

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात काउंटरच्या काचेवर दोन कन्व्हर्टर शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही पांढरे. एका टोकाला टाइप-सीची पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोन खुपसायचं गोल भोक, मध्ये बोटभर वायर. एक सव्वाशेला, दुसरा साडेतीनशेला.

"फरक काय ओ?"

"काय नाही दादा, हा जरा चांगल्या क्वालिटीचा. काम एकच."

काम एकच असेल तर सव्वादोनशे जास्त कशाला द्यायचे? सव्वाशेचा खिशात टाकून घरी आलो. भाचीचा ऑनलाइन क्लास सुरू होणार होता. कन्व्हर्टर लावला, त्यात तिचा वायरवाला हेडफोन लावला, आणि सरांचा आवाज फोनच्या स्पीकरमधून अख्ख्या घरात घुमला. पिन उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. फुंकर मारली. दुसरा हेडफोन लावला. फोन बंद करून चालू केला. काही नाही. फोनला आपल्याला काही जोडलंय याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कन्व्हर्टर घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदाराने तो शांतपणे स्वतःच्या फोनला लावला, हेडफोन माझ्या कानाला लावला, गाणं खणखणीत वाजलं. "चालतंय की ओ, दादा!" त्याच्या चेहऱ्यावर विजय होता, माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते विचारू नका. गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता आणि मीही नाही. कन्व्हर्टर धडधाकट होता, माझा फोनही धडधाकट होता. फक्त एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.

त्या काचेवर ठेवलेल्या दोन वस्तू एकसारख्या दिसतात एवढंच. दुकानात दोघांनाही कन्व्हर्टर म्हणतात, पण त्यातला एकच काही कन्व्हर्ट करतो.

सोलापुरात हा फरक सांगायला इंजिनिअर लागत नाही, माग पाहिलेला माणूस पुरतो. चादरीवर मोर विणायचा तर मागावर जकार्ड लागतो. जुन्या जकार्डात पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरायची. कार्डाला भोक असेल तिथला दोरा वर उचलला जायचा, नसेल तिथला खाली राहायचा. कार्डावर मोर नसतो, नुसती भोकं असतात: आहे, नाही, आहे, आहे, नाही. मोर दिसतो तो मागातून कापड बाहेर पडल्यावर. फोनमधलं गाणं म्हणजे ती कार्डांची माळ आहे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला, एका कानासाठी, 44,100 आकडे असतात. पण कानाला आकडे कळत नाहीत. हेडफोनच्या पडद्याला वर-खाली होणारा विजेचा दाब लागतो, म्हणजे विणलेलं कापड लागतं. आकड्यांवरून हा दाब विणणाऱ्या चिपला डॅक म्हणतात, लांब नाव डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर.

जुन्या गोल जॅकच्या फोनमध्ये हा माग फोनच्या पोटात असायचा आणि जॅक म्हणजे नुसता तयार माल बाहेर काढायचा दरवाजा. जॅक काढला तेव्हा खरा प्रश्न उरला तो हा, की माग कुठे ठेवायचा?

सव्वाशेवाला कन्व्हर्टर म्हणतो, माग तुझ्या घरातच ठेव, मी फक्त गठ्ठा वाहून नेतो. त्याच्या आत वायर आणि एखाद-दुसरा रेझिस्टर, बाकी काही नाही. टाइप-सीच्या पोर्टात 24 टोकं असतात. त्यातली सीसी नावाची दोन टोकं हा कन्व्हर्टर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडून देतो. ही एक खूण आहे. ज्या फोनला ती खूण शिकवलेली आहे तो समजतो की समोर हेडफोन आलाय. मग तो एरवी डेटा नेणाऱ्या दोन तारांवरून डेटा थांबवतो आणि त्याच तारांवर डाव्या-उजव्या कानाचा तयार आवाज सोडतो. माइक आणि आवाजाचा ग्राउंड आणखी दोन टोकांवरून जातो. पण ही अदलाबदल करायला फोनच्या आत वेगळा स्विच बसवावा लागतो, आणि टाइप-सीच्या नियमात तो बसवण्याची सक्ती नाही. ज्याने बसवला नाही त्याचा फोन त्या खुणेकडे बघतसुद्धा नाही. स्क्रीनवर एक ओळ तरी यावी, की बाबा हे मला कळत नाही? तीही येत नाही. माझ्या घरी झालं ते हेच.

साडेतीनशेवाल्याच्या पिनमध्येच माग आहे. नखाएवढी चिप, त्यात डॅक, हेडफोन हलवण्यापुरता छोटा ॲम्प्लिफायर आणि माइकचा आवाज उलट आकड्यांत बदलायची सोय. तो फोनकडून थोडी वीज घेतो आणि पेनड्राइव्ह जसा आपली ओळख सांगतो तशी सांगतो: मी यूएसबी ऑडिओ उपकरण. यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचे नियम 1998 सालीच ठरलेले आहेत, त्यामुळे तो फोनलाच नव्हे तर लॅपटॉपला, टॅबलाही चालतो. फोन त्याला कार्डांची माळ देतो, मोर तो स्वतः विणतो.

कोणत्या फोनने कोणती वाट धरली हे बघायला गेलं की डोकं गरगरतं. शाओमीचा एमआय 6, हुआवेचा पी20 प्रो हे तयार माल बाहेर देणारे, त्यांना नुसती तार पुरते. गूगलचा पिक्सेल 2, सॅमसंगचा गॅलक्सी नोट 10, 2018 चा आयपॅड प्रो, 2023 चा आयफोन 15 हे फक्त आकडे देणारे, त्यांना चिपवालाच लागतो. काही फोन दोन्ही चालवून घेतात. भोक मात्र सगळ्यांचं एकच. टाइप-सीची सगळी जाहिरात "एकच पिन सगळ्यांना" या वाक्यावर उभी आहे, आणि पिन खरंच सगळ्यांत बसते. बसते म्हणजे चालते असं कोणी म्हटलेलं नाही! या बाबतीत आयफोनची जुनी लाइटनिंगची पिन साधी होती. तिच्या हेडफोन कन्व्हर्टरात चिप असायचीच, त्यामुळे तिथे दुकानात फसायला जागा नव्हती.

जुना जॅक अगदी गरीब गाय होता असंही समजू नका. माइकवाल्या हेडफोनच्या पिनवर चार भाग असतात आणि त्यातल्या माइक आणि ग्राउंड या दोघांच्या जागा दोन वेगवेगळ्या पद्धतींत उलट्या होत्या. चुकीची जोडी जमली की गाणं विहिरीतून आल्यासारखं यायचं, वाद्यं ऐकू यायची आणि गाणारा गायब. माइकचं बटण दाबून धरलं की गाणारा परत यायचा. हे ज्यांनी अनुभवलंय ते आता मान डोलावत असतील. तरी त्या भोकाचं वय बघा. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर बाई दोरीसारख्या वायरी या भोकातून त्या भोकात खुपसायच्या, त्या जाड पिनेचा हा धाकटा वंशज, 19 व्या शतकापासूनचा वंश. 1979 च्या वॉकमनला जो हेडफोन लागायचा त्याची पिन आजच्या लॅपटॉपला तशीच्या तशी बसते आणि वाजते. ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही, ओळखपरेड नाही.

फोनमधून तो काढण्याचं श्रेय किंवा पाप सगळे ॲपलच्या माथी मारतात, पण सप्टेंबर 2016 मध्ये आयफोन 7 आला त्याआधीच मोटो झी बिनजॅकचा आलेला होता. ॲपलच्या फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयाला "धाडस" म्हटलं, म्हणून ते लक्षात राहिलं. त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स जाहीर झाले, हाही योगायोग लक्षात राहण्यासारखा. कारणं दिली गेली ती आतली जागा, पातळपणा, पाणी. पाण्याचं कारण मला पटत नाही. त्याच वर्षीचा गॅलक्सी एस7 जॅक ठेवूनही पाण्यात तगणारा होता. जागेचं कारण मात्र खरं आहे. फोनच्या पोटात बोटाच्या पेराएवढी जागाही मोठी असते, ती बॅटरीला मिळाली तर मी फार भांडणार नाही. मग भांडण कशाचं? माग हलवला, ठीक. पण तो हलवल्याचं गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. स्पीकरसाठी आकड्यांचा आवाज फोनला आजही आतच करावा लागतो. हेडफोनपुरता मात्र तो खर्च आणि ती निवड आपल्या खिशावर आली, आणि निवडायचं कशावरून तर एका पांढऱ्या तुकड्याच्या रंगरूपावरून.

लॅपटॉपची गोष्ट मला अजिबात पटत नाही. 2022 मध्ये डेलने एक्सपीएस 13 प्लसमधून जॅक काढला. फ्रेमवर्कच्या 16 इंची लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या कार्डाने बसवावा लागतो. आणि ज्या ॲपलने फोनमधून जॅक काढला त्याच्या मॅकबुकला तो अजून आहे. 2021 पासूनच्या मॅकबुक प्रोमध्ये तर जास्त जोर लागणारे मोठे हेडफोनही वाजवता यावेत म्हणून तो आणखी सुधारला. हातभर रुंद यंत्रात साडेतीन मिलिमीटरच्या पिनेला जागा नाही हे कोणाला सांगता? त्यातून बिनजॅकचा लॅपटॉप घेतलाच तर नुसत्या तारेचा कन्व्हर्टर विसरा. लॅपटॉपच्या टाइप-सीला तयार आवाज बाहेर देण्याची सोय सहसा नसतेच, तिथे चिपवालाच लागतो.

ब्लूटूथ आहे की, असं म्हणणाऱ्यांशी माझं वैर नाही. मीही वापरतो. पण त्यात आवाज थोडा मागून येतो, कानातल्या बोंडाची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, आणि क्लासच्या ऐन वेळी चार्जिंग संपलेलं असतं. कन्व्हर्टरवाल्यांची अडचण वेगळी. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसायचं, बॅटरी पंधरा टक्के, भोक एकच. गाणं ऐकायचं की चार्जर लावायचा हे दौंडच्या आत ठरवावं लागतं.

आता काउंटरवर उभं राहून ओळखायचं कसं? रंग, वायरची वीण, "ओरिजिनल" हा शिक्का यातलं काही उपयोगाचं नाही. किंमत थोडा इशारा देते, पण महाग तारही विकली जाते. पाकिटावर डॅक लिहिलेलं असेल, किंवा बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे असतील, तर तो चिपवाला असल्याचा निदान दावा तरी आहे, कारण नुसत्या तारेला किलोहर्ट्झ नसतात. खात्रीची परीक्षा एकच. दुकानदाराच्या टाइप-सीवाल्या लॅपटॉपला तो लावा. आवाजाच्या यादीत नवीन नाव उमटलं तर आत चिप आहे. काहीच झालं नाही तर हातात तार आहे. उलट, फक्त दुकानदाराच्या फोनवर वाजवून दाखवलेल्या गाण्याला काही अर्थ नाही, हे मी पेट्रोल जाळून शिकलोय. भाचीसारखं क्लासमध्ये बोलायचंही असेल तर माइक चालतो का तेही तिथेच बघा, काही कन्व्हर्टर फक्त ऐकण्यापुरतेच असतात. आणि चिपवाला घेऊनही घरी शुकशुकाट असेल तर सेटिंगमध्ये ओटीजी नावाचं, फोनला बाहेरची उपकरणं जोडू देणारं बटण शोधा. काही फोनांत ते बंद असतं, चालू केलं तरी वापर नसला की थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. म्हणजे क्लासच्या मध्यंतरात चहा प्यायला गेलात की परत आल्यावर पुन्हा तीच शोधाशोध.

मी शेवटी वरचे सव्वादोनशे देऊन साडेतीनशेचा घेतला. भाचीचा क्लास तिच्या कानापुरता झाला, घर शांत झालं. तो प्रकार अण्णांना सांगत बसलो होतो. अण्णांचं आयुष्य मागावर गेलं, कान त्या खटखटीने थोडे अधू झालेत, त्यामुळे हेडफोनचा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. दोन्ही कन्व्हर्टर एकत्र असते तर दाखवले असते, पण एकच होता. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला.

"म्हणजे हा कार्ड वाचतोय, आणि तो दुसरा नुसता हमाल."

"बरोबर, अण्णा."

"मग याला वायर लावली तर आकाशवाणी लागते का?"

नाही लागत. फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागायची. चिपवाल्या कन्व्हर्टरात ती वायर चिपपाशीच थांबते, फोनच्या रेडिओपर्यंत पोहोचत नाही. आणि या फोनात रेडिओचं ॲपच नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

अण्णांनी कन्व्हर्टर माझ्या हातात परत दिला, नेहरू शर्टाच्या खिशातून आपला बटणांचा जुना फोन काढला, त्याच्या गोल भोकात हेडफोनची पिन खुपसली आणि गच्चीवर निघून गेले.