रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारला ब्रेक पॅड कुठले टाकायचे?

कूपर एस, ऑक्टेव्हिया व्हीआरएस, एम३४०आय, मस्टँग, बॉक्स्टर, असली गाडी जे रोज ऑफिसला, बाजाराला, पोरांना शाळेत सोडायला पण नेतात त्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी हे लिहितोय. पॅड संपले की फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जो सगळ्यात भारी असेल तो टाकून द्या, पैशाचं बघू." आणि भारी म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात रेसिंगचा पॅड असतो. तो रोजच्या गाडीला आम्ही सहसा टाकत नाही, का ते सांगतो.

प्रत्येक पॅडचं एक तापमान असतं, त्या पट्ट्यात तो नीट पकडतो. रेसिंगच्या पॅडचं कंपाउंड, म्हणजे घासणारं मटेरियल, तापलं की जबरदस्त चालतं पण गार असताना त्याची पकड कमी असते, म्हणजे सकाळी राजेंद्रनगरहून निघालात, पहिल्याच चौकात कोणी अॅक्टिवावाला आडवा आला, तुम्ही रोजच्यासारखा पाय ठेवला आणि गाडी रोजच्याएवढी थांबली नाही. पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये तर तो पॅड धड तापतच नाही. वर चीं चीं आवाज, अलॉयवर काळी भुकटी, आणि पॅड जिच्यावर घासतो ती चाकातली डिस्क पण भराभर खातो. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे म्हणून पोरं ट्रॅक पॅडबद्दल फार विचारतात, पण तो ट्रॅक सलग वेगात गाडी पळवून बघायला आहे, तुमची गाडी फिरते ती एबी रोडवर.

आता दुसरी बाजू, कारण अगदी स्वस्तातला साधा ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचा, मऊ) पॅड टाकून पण चालत नाही. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० वरून पूर्ण थांबवली की जी उष्णता निघते तेवढ्यात पावणेदोन लिटर साधं पाणी उकळीला येईल, आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. महेश्वरला जाताना जाम गेटनंतरचा उतार किंवा खंडवा रोडचा भेरूघाट, पुढे ट्रक, तुम्ही दर वळणाला ब्रेक मारताय, थोड्या वेळाने जळका वास येतो आणि पाय तितकाच दाबूनही गाडी कमी थांबते, तो पॅड फेड झालाय. अशा वेळी खालच्या गियरमध्ये उतरायचं, ऑटोमॅटिक असली तरी पॅडल मारून गियर खाली घ्यायचा, आणि वास आला की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घेऊन गार होऊ द्यायची, त्यावर पाणी ओतायचं नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच की पहिल्या गार ब्रेकलाही गाडी थांबली पाहिजे आणि घाटातल्या शेवटच्या ब्रेकलाही. नव्वद टक्के शहर आणि कधीमधी घाट असं असेल तर कंपनीच्या दर्जाचा लो-मेटॅलिक (थोडा धातू मिसळलेला) किंवा चांगला सिरॅमिक (सिरॅमिक तंतूंचा). सिरॅमिकची भुकटी कमी आणि आवाज कमी, लो-मेटॅलिकचा पहिला चावा जास्त पण अलॉय धुवावे लागतात. गाडी ट्यून करून घेतलीय आणि हायवेवर खरंच जोरात चालवता, तर फास्ट-रोड म्हणून जे पॅड मिळतात ते बघू, पण मग पुढचे-मागचे एकाच जातीचे घ्या, फक्त पुढे फास्ट-रोड पॅड टाकून मागे साधा ठेवला की गाडीचा ब्रेकचा तोल बदलतो. आणि एका अॅक्सलला, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला, डावा-उजवा दोन्ही एकदमच बदलायचे, यात आम्ही तडजोड करत नाही.

पॅड घेताना हातात घेऊन बघा. पाठीवर किंवा डब्यावर आर ९० (ब्रेक पॅडसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) ची खूण असेल तर त्याची पकड मूळ पॅडपासून १५ टक्क्यांच्या आत असल्याची तपासणी झालेली असते, रोजच्या गाडीला ही खूण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काही पॅडच्या कडेला इंग्रजी दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं साध्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. एफ-ई लिहिलं असेल तर तो तापल्यावर ढिला पडतो हे तिथेच कळतं. डबा ओळखीचा, भाव अर्धा आणि छपाई पुसट, असा पॅड फुकट मिळाला तरी घेऊ नका, बाजारात नकली माल खूप आहे.

नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमी राहिलं की बदला. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती आम्ही मोजून तुम्हाला दाखवतो, त्याखाली गेली असेल तर नवा पॅड टाकण्यात अर्थ नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ चा उकळबिंदू ताज्यात किमान २३० अंश, ओलावा धरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं, पॅड कितीही महाग असो. दर दोन वर्षांनी बदलाच. ज्या गाडीला हँडब्रेक बटणाचा आहे तिचे मागचे पॅड स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय कुणाला काढू देऊ नका, पॅड दाबणारा पिस्टन जबरदस्तीने मागे दाबला तर हँडब्रेकची मोटर जाते.

पॅड बसवून दिल्यावर लगेच मित्रांना ब्रेक दाखवायला जाऊ नका. सकाळी सुपर कॉरिडॉरला रस्ता मोकळा असतो, मागे कोणी नाही बघून ६० वरून १५ पर्यंत जरा जोरात ब्रेक, असं आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, मग थोडे किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या. पॅड तापलेले असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली की डिस्कवर पॅडचा ठसा बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली, बऱ्याचदा ती वाकलेली नसते.

काढलेले जुने पॅड आम्ही पिशवीत घालून डिकीत ठेवून देतो, बघून घ्या. एकाच चाकाचा आतला पॅड पार झिजलाय आणि बाहेरचा जाड आहे असं दिसलं तर बहुतेक वेळा कॅलिपरची (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन अडकलेली असते, ती साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलंय का ते आम्हाला विचारा, आणि दुसरीकडे काम करून घेतलं असेल तर तिथेही विचारा.