कार्यरत स्मृतीचे विद्युत् मापन (सीमाभागाच्या संदर्भात)

ऐकलेली किंवा पाहिलेली गोष्ट काही सेकंद मनात धरून तिच्यावर लगेच काम करण्याची क्षमता म्हणजे कार्यरत स्मृती. बेळगावच्या बाजारात कुणी म्हणतो, "नंबर सांग की," समोरचा दहा आकडे सांगतो, आणि फोन खिशातून निघेपर्यंत पहिला ते पुटपुटत राहतो. हे तिचेच काम. फोन लागला की नंबर डोक्यातून जातो, आणि तो जावा हेच बरे. हे धरून ठेवणे चालू असताना मेंदूतील विजेचे चढउतार डोक्याच्या कातडीवरून टिपतात, त्याला विद्युत् मस्तिष्कालेखन म्हणतात. हा शब्द कुणी बोलताना वापरत नाही. सगळे ईईजीच म्हणतात. खानापूर-निपाणीकडे ईईजी माहीत असते ती घरात कुणाला फिट आली म्हणून. यंत्र तेच असते, फक्त संशोधनात माणसाला पडून राहायला न सांगता काम देतात.

प्राण्यांच्या मेंदूतील वीज लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये नोंदवली होती. माणसाचा पहिला आलेख जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये काढला, पण तो प्रसिद्ध करायला त्यांनी १९२९ पर्यंत वाट पाहिली. डोळे मिटल्यावर उठणाऱ्या, सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणाऱ्या लहरींना त्यांनी अल्फा नाव दिले. यंत्राला दिसते ते एकट्या पेशीचे काम नव्हे. मेंदूच्या बाहेरच्या थरातील, म्हणजे बाह्यकातील, हजारो पेशी एकाच वेळी, एकाच दिशेने भारित झाल्या, तरच कवटीबाहेर काही मायक्रोव्होल्ट पोहोचतात. पापणी लवण्याचा झटका त्याच्या कित्येक पट मोठा असतो.

म्हणून तयारीलाच निम्मा वेळ जातो. आदल्या दिवशी केस धुवून, तेल न लावता यायला सांगतात. रोज चोपडून खोबरेल लावणाऱ्यांना हे जड जाते. तंत्रज्ञ नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरतो आणि अंतराच्या १० व २० टक्क्यांवर खुणा करतो. ही पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांच्या १९५८ च्या लेखातून रूढ झाली. मग केस बाजूला सारून रवाळ लेपाने कातडी घासायची आणि वाटीसारखा इलेक्ट्रोड पेस्टने बसवायचा. घाम आला की आलेख संथपणे वरखाली वाहू लागतो, त्यामुळे अथणीकडच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवणे ही चैन नव्हे. भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांचा, गुणगुणाटही गाळावा लागतो.

कामे दिसायला साधी असतात. वेन किर्चनर यांच्या १९५८ च्या पद्धतीत अक्षरे एकामागून एक येतात. क, ट, म, ट असे आले तर दुसऱ्या ट ला बटण दाबायचे, कारण दोन घरे मागे तेच अक्षर होते. एक घर मागचे ओळखणे पोरखेळ, तीन घरे मागचे ओळखताना भलेभले चुकतात. सॉल स्टर्नबर्ग यांच्या १९६६ च्या कामात काही अंक दाखवतात, थोडा वेळ काहीच नाही, मग एक अंक: तो यादीत होता का? यादीत एक अंक वाढला की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागतात. मधला तो रिकामा वेळच ईईजीसाठी मोलाचा, कारण तेव्हा पाहण्यासारखे काही नसते, फक्त धरून ठेवणे असते.

लक्षात धरायचे ओझे, म्हणजे स्मृतीवरचा भार, वाढला की कपाळामागे मधोमध ४ ते ७ हर्ट्झच्या थीटा लहरी वाढतात, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. अल्फाचे मात्र सरळ नाही: स्टर्नबर्गच्या रिकाम्या वेळेत तो बहुधा चढतो, अक्षरे मागे मोजण्याच्या कामात उतरतो. नको असलेले भाग गप्प बसवण्याचे काम अल्फा करतो, असे बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा 'अल्फा वाढवा, स्मरणशक्ती वाढवा' असे सांगून काही विकणाऱ्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. व्होगेल आणि माचिझावा या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की, डोक्याच्या मागच्या भागातील एक संथ विद्युत्‌भार लक्षात ठेवलेल्या चौकोनांच्या संख्येबरोबर वाढतो आणि तीन-चारवर थबकतो.

सीमाभागात खरा पेच यंत्राचा नाही, आकड्यांचा आहे. मराठीत एक ते नऊपैकी सहा आणि नऊ सोडले तर सगळे अंक एका उच्चारात संपतात. प्रमाण कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, ओंबत्तु असे दोन-तीन उच्चार लागतात. मनात घोकायला जितका वेळ, तितके कमी अंक धरता येतात. वेल्समध्ये १९८० साली असेच दिसले होते: वेल्श अंक म्हणायला लांब, म्हणून तेच दुभाषी लोक इंग्रजीत जास्त अंक धरत. शिवाय सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतो, मग चाळीस. कन्नडमधील नलवत्तेळु आधी चाळीस सांगते. मराठीत सांगितलेला आकडा लिहून घेणाऱ्याला सात क्षणभर हातात धरून थांबावे लागते. महाराष्ट्राच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये एकवीससाठी 'वीस एक' आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. बेळगावच्या मराठी शाळांत कर्नाटकची पुस्तके असल्याने तो वाद इथे दुरूनच ऐकला गेला, पण प्रश्न इथलाही होताच.

पडद्यावर नुसता ७ दाखवून यातून सुटका होत नाही, कारण माणूस तो मनात कुठल्यातरी भाषेत म्हणतोच. थीटावरून भार किती ते कळते, मराठीत सात म्हटले की कन्नडमध्ये एळु ते नाही. घोकणे थांबवायला 'द, द, द' म्हणत राहायला लावता येते, पण मग जबड्याच्या स्नायूंची वीज आलेखात घुसते. त्यापेक्षा काम संपल्यावर सरळ विचारून नोंदवलेले चांगले. चिकोडीचा माणूस गणित एका भाषेत आणि फोन नंबर दुसऱ्या भाषेत धरतो असे निघाले तर नवल नाही.

आठवणीच्या खुणा ईईजीवर शोधून संशयिताला पकडण्याचा प्रयत्नही भारतात झाला. 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ठरवले की, संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. संशोधनासाठीही लेखी संमती घेतात, मुलांसाठी पालकांची, आणि ती त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत. म्हणजे इथे कागद मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही तयार ठेवायचे.